तिसरे छायाचित्र

१९ जून २०२३, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. पडद्यावर एकशे सतरा सूर्योदय. जहाज कारखान्याच्या आरेखन विभागातून निवृत्त झालेला झाफीर त्यांत आपल्या बायकोचा चेहरा शोधत होता.

झ्लातिनाला जाऊन नऊ जुलैला वर्ष होणार होते. बल्गेरियातल्या रिवाजाप्रमाणे त्या दिवशी दारावर, फाटकावर, बसथांब्यावर तिचे स्मरणपत्रक लावायचे. चाळीस दिवसांच्या आणि सहा महिन्यांच्या पत्रकांवर पासपोर्टचाच फोटो गेला होता. ‘दंड भरायला उभी केलेली बाई’ असे त्या फोटोला ती स्वतःच म्हणत असे. या वेळी झाफीरला ती कड्यावरची हवी होती.

दर वर्षी एक जुलैच्या पहाटे सूर्याच्या स्वागताला लोक समुद्राकाठी कामेन ब्र्यागच्या कड्यावर जमत. झाफीर कॅमेऱ्याची तिवई रोवून तिला टोकाच्या खडकावर, सूर्याकडे तिरपी उभी करी. “हलू नकोस. तू असलीस की कड्याचं माप कळतं.”

“लग्न करून फूटपट्टी झाले मी!” ती ओरडे.

प्रकाश सूर्यावरून मोजलेला. त्यामुळे सूर्य नेमका उतरे आणि ती काळीठिक्कर. आता सावली उजळावी तर गालावर जांभळट दाणे उमटत. दाणे पुसावेत तर गाल मेणाचा होई.

धाकटी मेहुणी दोब्रीना चीज भरलेली गरम बनित्सा घेऊन आली आणि पाठीमागून डोकावली. “दाजी, ही माझी ताई आहे की वांगं?”

“सावली उजळतोय.”

“चार दिवस उजळताय. अन् ते पांढरेफटक कसले?”

“प्रत्येक वेळी तीन घ्यायचे. गडद, नेमका, उजळ. उजळातला फक्त पायथ्याचा खडक कापून नेमक्यावर बसवायचा. बाकी वाया. आकाश जळतं, आणि तिसऱ्याला तुझी ताई हमखास हलायची.”

“मग बघा की हललेली!”

त्याने एक उघडला. आकाश कोरे, सूर्याचा पत्ता नाही. आणि मधोमध झ्लातिना, केस उडालेले, थेट त्याच्याकडे वळलेली. दोन खटके वाजले की काम आटोपले असे समजून ती वळत असे. ‘झालं का रे?’ विचारायला तोंड अर्धवट उघडलेले. दुसरा उघडला, तेच. तेरा वर्षे ती विचारत होती आणि तो “हललीस!” म्हणून खेकसत होता.

दोब्रीनाने बशी त्याच्यापुढे सरकवली.  बनित्सा तशीच निवली.

सवयीने त्याने नेमक्या चित्रातला सूर्य कापून तिच्यामागे बसवला. दोन दिवस केसांभोवतीची कड जुळवली. पण उगवत्या सूर्यापुढे तो उजळ चेहरा खोटा वाटू लागला. मग त्याने सूर्य काढून टाकला आणि आकाश कोरेच ठेवले.

नऊ जुलैला दोघांनी मिळून गावभर पत्रके लावली. छापलेली पंचवीस, लावलेली चोवीस.