मुंगी चावली

दुखण्याबद्दल बोलण्यात रंगारी पक्का कंजूष. शिडीवरून पडून बरगडी मोडली तेव्हाही "जरा कळ आली" एवढंच म्हणाला होता. उजव्या हातातून ब्रश सुटायला लागला, हे बायकोला परक्यांकडून कळलं. चहाचा कप मात्र तिच्या डोळ्यांदेखत फुटला, तेव्हा तिने त्याला धरूनच दवाखान्यात आणलं. हात गेला तर रंगकाम गेलं, आणि मग हा माणूस घरी बसून स्वतःलाही खाईल नि आपल्यालाही, याची तिने धास्तीच घेतली होती.

नसांची तपासणी करणाऱ्या बाई चटपटीत होत्या. विजेचे छोटे झटके बसतील, दुखलं तर सांगा, असं त्यांनी बजावलं. उजवा हात हातात घेतला आणि त्या थांबल्या. हात गारठलेला होता, आणि गार हाताची नस मंद चालते, माप चुकतं. गरम पाण्याची पिशवी नेमकी गळत होती. तेव्हा त्यांनी बायकोला स्टूल दिलं आणि तो हात तळव्यांत धरून ऊब द्यायला सांगितलं. तोवर त्या डावा हात उरकणार होत्या.

परक्या बाईसमोर बायकोने हात धरलेला. रंगारी छताकडे बघत पोपडे मोजू लागला.

पहिल्या झटक्याला डावी बोटं टुणकन उडाली. दुखलं का, बाईंनी विचारलं.

"छे, मुंगी चावली."

पण उजव्या हाताने बायकोची बोटं आवळली. पुढच्या झटक्याला आणखी. कोपरापाशी झटका बसला तेव्हा तर तिची अंगठी बोटात रुतली. तोंडाने स्वारी अजून मुंगीवरच अडून होती.

बायकोच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. बाईंनी यंत्र थांबवलं.

"काही नाही हो," ती म्हणाली. "याच हाताने यांना कप धरवत नव्हता."

तपासणी काय सांगायचं ते सांगेल, पण एवढा जोर अजून शिल्लक आहे या आनंदाने तिला रडू आवरेना. रंगाऱ्याने खाली पाहिलं. तिच्या बोटावर लाल वळ उठला होता.

"दुखलं का गं?"

"मुंगी चावली."

बाईंनी उजवा हात चाचपला. चांगला उबदार झाला होता, आता त्याचीच पाळी होती.

"जरा बेताने," रंगारी म्हणाला. "मघाशी बरंच दुखलं."