वर की मागे

टणकन स्टीलच्या वाटीत चेंडू पडला आणि टेबलाशी बसलेल्या मायलेकी दचकल्या. चेंडू टाकला होता नातीने. डॉक्टरांचं म्हणणं आईला समजावण्यासाठी लेकीनेच ते सामान मांडलं होतं. ऑपरेशन करून आईच्या डाव्या खांद्यातली रचना उलटी करायची होती. चेंडू होता तिथे वाटी आणि वाटी होती तिथे चेंडू. पण बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या घडणी दोन. एकीने हात वर जरा सहज जाईल, दुसरीने पाठीमागे. खात्री कशाचीच नाही. "त्यांना जास्त काय लागतं ते विचारा आणि संध्याकाळपर्यंत कळवा," असं डॉक्टर म्हणाले होते.

"वरचे डबे काय, तू काढून देशील गं," आई म्हणाली, "पण संडासातलं माझं मलाच करता यायला हवं. तिथे का तुला हाका मारू?"

"मग मागे जाणारा सांगू?"

"सांग. अगं थांब, पण वेणी? तिला हात वर न्यावा लागतो. वर्षभर तूच घालतेस, मांजराने ओढल्यासारखी."

लेकीला हसू आलं, पण फोन हातातच राहिला. कळवायचं आपण आणि चुकलं तर भोगायचं आईने.

पोरीने वाटी उचलून चेंडूवर उपडी घातली आणि दोन्हीकडे टक लावून पाहिलं.

"आई, आजीच्या हाताला कसं कळणार, आता उलटं वळायचं ते?"