अकरा घरांचा चहा

बेटावर अकरा घरं होती आणि निघण्यापूर्वी आयगिलला अकराही घरांत चहा प्यायचा होता. त्याच्या लेकीनं, बिर्टेनं, प्रत्येक घराला दहा मिनिटं नेमून दिली होती. तिसऱ्या घरातच पाऊण तास गेला.

"टेक गं जरा," नोरा बिर्टेला म्हणाली. सत्तरी ओलांडलेली, पण हाताला उसंत नसलेली बाई. "चहा टाकते."

"नको."

"अर्धा कप तरी."

"नको म्हणाले ना."

नोराचा हात किटलीवरच राहिला. इथं पहिला नकार लाजेखातर, दुसरा मानाखातर, आणि तिसऱ्यानंतर कप हातात येतोच. बिर्टेच्या डेन्मार्कमध्ये नको म्हणजे नको.

"टाक गं नोरा, दोघांनाही टाक," आयगिल म्हणाला. "ती माझ्यावर चिडलीय, तुझ्यावर नाही."

ते खरं होतं, म्हणून बिर्टे अधिकच चिडली. आई गेल्यावर हा सुतार बाप पंधरा दिवसांसाठी म्हणून आयर्लंडच्या या पश्चिम टोकाला आला, तो अडीच वर्षं राहिला. लोकांच्या होड्या दुरुस्त करायचा, दारं बसवायचा. रविवारी फोन करून हवापाण्याचं बोलायचा. ऑगस्टमध्ये त्याच्या छातीत कळ आली, तीही तिला महिन्यानं कळली, आणि तीही नोराकडून. मग तिनं डेन्मार्कच्या घरातली एक खोली त्याच्यासाठी रंगवून घेतली, तिकिटं काढली आणि त्याला न्यायला आली.

"तिथं जिना नाही," चौथ्या घराच्या चढावर ती म्हणाली. "हॉस्पिटल दहा मिनिटांवर."

"तीनदा सांगून झालं."

"आणि तीनदा तू कानाआड केलंस."

"मला इथं बरं वाटतं, बिर्टे."

"बरं वाटलं म्हणून छाती बरी होत नाही."

तो थांबला. दम खाण्यासाठी की काही बोलण्यासाठी, ते तिनं पाहिलं नाही. ती पुढे चालू लागली होती.

संध्याकाळी बॅग भरताना लोकांनी दिलेल्या वस्तूंची रास पडली. लोकरीचे मोजे, मुरंब्याची बाटली, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला, वाळवलेल्या काळ्या मातीचा एक ठोकळा.

"माती नाही नेत कुणी विमानातून."

"माती नाही, जळण आहे. शेकोटीचं."

"आपल्या घरात शेकोटी नाही."

आयगिलनं ठोकळा तिच्या हातातून घेतला आणि खिडकीत ठेवला. "येतोय ना मी? आणखी काय हवं तुला?" एवढं बोलून तो खोलीत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

सकाळी तो उठलाच नाही.

ज्या बोटीनं ते जाणार होते तिनंच डॉक्टर आला, कागदावर सही करून परत गेला. दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. बिर्टेला कुणी काही विचारलं नाही. इथल्या रीतीप्रमाणे नोरानं घड्याळ बंद केलं, आरशावर चादर टाकली. आईच्या वेळी पेटी बंद होती, पांढरी फुलं होती, चर्चमधली चाळीस मिनिटं होती आणि सगळे हळू बोलत होते. इथं बाप इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत सगळ्यांसमोर निजला होता, आणि लोक त्याच्या उशाशी बसून चहा पीत बटाट्याच्या पिकाबद्दल बोलत होते. एकेक जण उठायचा, त्याच्या हातावर हात ठेवायचा आणि त्याच्याशीच बोलायचा.

"लबाडा," कोलमन नावाडी म्हणाला, "माझ्या गोठ्याचं दार अर्धंच टाकून चाललास. आता कोण बसवणार, तुझा बाप?"

दोघंतिघं हसले.

"बाहेर व्हा," बिर्टे म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "सगळे. तो मेलाय. कळतंय का तुम्हाला?"

नोरानं हातातला कप खाली ठेवला.

"कळतंय, पोरी," नोरा म्हणाली. "म्हणूनच आलोय. माती देईपर्यंत माणसाला एकटं ठेवत नाहीत. आम्ही उठतो, पण मग तुला बसावं लागेल."

"बसते."

"आणि बोलावं लागेल. मुक्यानं बसणं त्याला आवडायचं नाही."

"मी काय बोलू?"

"शिव्या दे. कोलमननं दिल्याच की."

माणसं कप घेऊन अंगणात गेली. बिर्टे खुर्चीवर बसली. बराच वेळ तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. मग हातावर हात ठेवला, आणि तो इतका गार लागला की तिचा राग पुन्हा उसळला.

"तुझ्या छातीसाठी नव्हते नेत मी तुला," ती म्हणाली. "तुझी बायको गेली तेव्हा माझीही आई गेली होती. तू निघून आलास. फोनवर हसायचास. अडीच वर्षांत एकदा तरी म्हणायचंस, तूही ये म्हणून."

बाहेर कुणीतरी खोकलं.

"मीही कधी म्हणाले नाही, येते म्हणून. चिडून राहणं सोपं होतं." तिनं त्याची बोटं घट्ट धरली. "बाबा, मला तुझ्याशिवाय करमत नव्हतं. एकटीला फार जड जात होतं."