गोड घामाचे महाराज

"सरका, सरका! महाराजांनी डोळे उघडले!"

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर काचेची खोली, आत गादी, गादीवर महाराज. दाराला कुलूप, आणि किल्ली सगळ्यांना दिसेल अशी, दाराच्या फटीसमोर बाहेर उभ्या केलेल्या माइकच्या दांडीला बांधलेली. कित्येक वर्षं म्हणे पोटात अन्नाचा कण नाही आणि वय शंभरीपलीकडे! दिसायचे मात्र पन्नाशीचे, गाल चांगले वर आलेले.

"अन्न म्हणजे आयुष्याला लागलेली वाळवी," महाराज सांगत. "घास घटवा, वय वाढवा. शास्त्रज्ञांचे उंदीरसुद्धा अर्धपोटी ठेवले की जास्त जगतात. तुम्ही काय उंदरांहून मूर्ख आहात?"

नाही, नाही, म्हणून लोक माना हलवत. मागच्या रांगेत एक बाई दातओठ खात उभी होती. उंदीर तिचेच होते. म्हणजे ती प्रयोगशाळेत उंदरांच्या आहारावर संशोधन करायची. गल्लीत तिला उंदीरवालीच म्हणत. तिच्याच विषयाचं नाव घेऊन या माणसाने तिच्या वडिलांचा जीव घेतला होता.

वडील महाराजांच्या नादी लागून दोन घासांवर आले, हाडांचा सापळा झाले, साध्या खोकल्याचं दुखणं छातीत गेलं आणि आटोपलं. त्यावर महाराज काय म्हणाले? "चोरून खाल्लं असणार. व्रत मोडलं की काळ येतो." आणि हे आईला पटलं! नवऱ्याचं पाप फेडायला आता ती उपाशी राहत होती. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं होतं.

"आई, दोन बिस्किटं तरी खा गं."

"तुझ्या बाबांनी खाल्लंच ना चोरून? तेवढं पुरे झालं."

लेकीचं डोकं फिरलं. रडून झालं होतं, समजावून झालं होतं. आता तिला सूड हवा होता.

वाट दाखवली मुंग्यांनी. महाराजांना तोंड पुसायला दाराच्या फटीतून सारखे ओले टॉवेल आत जात. वापरलेल्या टॉवेलसाठी भक्तांची झोंबाझोंबी, कारण तो ओठांना लावला तर गोड लागे. महाराजांच्या घामाला साखरेची गोडी आहे, असा गावभर बोभाटा. आईनेही एक तुकडा मिळवून कपाटात ठेवला होता. त्याला मुंग्या लागल्या, तर आई हात जोडून म्हणाली, "बघ, मुंग्यासुद्धा दर्शनाला आल्या!"

लेकीने कपाळावर हात मारला. तिच्या प्रयोगशाळेत पिंजऱ्यात जाणारी प्रत्येक वस्तू तोलतात, अगदी खालचा भुसासुद्धा. भुकेला उंदीर काय पोटात घालेल याचा नेम नसतो. इथे लोकांनी महाराजांची दाढी विंचरून पाहिली, गादी उसवून पाहिली. टॉवेल कोणी पाहिला? अरे, गोड लागतं ते साखरेने लागतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं!

ती टॉवेलच्या सेवेत दाखल झाली. मागच्या खोलीत पट्टशिष्य पातेल्यात दुधाची पावडर आणि साखर कालवायचा, त्याला 'तीर्थ' म्हणायचा आणि मंचावर जयजयकार करायला पळायचा. टॉवेल जाताना निथळत जाई, येताना पिळल्यासारखा येई. तोंड पुसायच्या मिषाने महाराज चोखून घेत. वा रे हवा खाणारे!

तेव्हाच बोंब मारता आली असती. पण शिष्यांनी तिलाच खोटं पाडलं असतं. शिवाय, खोटं कशाला बोला, तिला त्या माणसाला भूक दाखवायची होती. महाउपवासाची सभा दोन दिवस अखंड चालायची; पहिल्याच दिवशी तिने तीर्थ मोरीत ओतलं आणि पातेलं नळाखाली धरलं.

पहिला टॉवेल चोखून महाराजांनी डोळे वटारले. तिने नम्रपणे हात जोडले. पुढचाही तसाच. संध्याकाळपर्यंत प्रवचन आटलं. पट्टशिष्याला वाटलं, गुरू काय झकास सोंग वठवतायत! रात्रीची सेवाही तिनेच मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी भर सभेत महाराज माइकवर गरजले, "टॉवेल नीट भिजवा रे!"

"नीटच भिजवलाय, महाराज. स्वच्छ पाण्यात."

"पाण्यात? मरतोय मी! दार उघडा, खायला द्या काहीतरी!"

तिने पावडरचा डबा मंचावर आणला, तीर्थ कालवलं, टॉवेल बुडवला आणि पुढच्या रांगेत दिला. "घ्या, चाखा गोड घाम!" मग काचेकडे वळली. "चोरून कोण खात होतं रे? माझे बाबा की तू?"

तिला आनंद झाला. अगदी पोटभर झाला.

"मग उंदरांचं खोटं?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

महाराज काच बडवत होते. माइकच्या दांडीची किल्ली सोडून तिने हातात घेतली. "थांबा हं महाराज, आधी यांची शंका. उंदरांचं खरं आहे. अन्न तुटलं की शरीर पिल्लं काढणं लांबवतं आणि स्वतःची डागडुजी करत बसतं. वाईट दिवस काढायचे, अन्न आलं की वंश वाढवायचा. ज्यांना हे जमलं त्यांची पिल्लं उरली, म्हणून ही खोड अंगात मुरली, असं बऱ्याच जणांचं मत आहे. त्यावर वादही आहेत. पण माझे उंदीर उबदार पिंजऱ्यात राहतात. ना मांजर, ना थंडी, ना रोगराई. त्यांचं थोडकं अन्नही सगळं पोषण घालून तोललेलं असतं. तिथे रोग शिरला, तर बऱ्याचदा अर्धपोटी उंदीरच आधी जातो. माझे बाबा तसेच गेले. माणसाचं वय उपासाने वाढतं का, हे अजून कोणालाच ठाऊक नाही. जो ठाऊक आहे म्हणतो, त्याला विचारा, तपासून पाहू का?"

तोवर गर्दीतून आई लोकांचा आधार धरत धरत मंचावर चढली. लेकीच्या हातातून तिने किल्ली घेतली.

"आधी बोल. माझ्या नवऱ्याने चोरून खाल्लं होतं?"

"मी आपलं... बोलण्याच्या ओघात..."

"माइकवर बोल."

"नाही खाल्लं! त्यांनी कधीच नाही खाल्लं! उघडा ना, बाई!"

आईचा हात कुलपापाशी थांबला. "म्हणजे खरंच उपाशी गेला माझा माणूस," ती म्हणाली. मग तिने दार उघडलं आणि त्याच माइकवरून लोकांना सांगितलं, "घरी जा रे सगळे. जेवा. आणि तुमच्यापैकी कोणी उपाशी बसलं असेल, तर त्याला आधी वाढा."