रंभाबाईंनी मांडलेल्या आसरा

रंभाबाईंच्या दारापुढून हिप्परग्याच्या कॅनॉलचा एक फाटा जातो. त्याला शेवटचं पाणी कधी आलं होतं यावर आळीत दोन मतं होती आणि दोन्ही शेजारच्या म्हाळसाबाईंचीच होती. त्यामुळे कॅनॉलचं पाणी सोडणारा बिरप्पा पाटकरी पुलावर मोटारसायकल लावून खाली उतरला आणि "अव्वा, उद्या पाणी सुटतंय," म्हणाला, तेव्हा रंभाबाईंनी आधी त्याच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. थट्टा करणारा माणूस नव्हता तो.

"खरंच?"

"खरंच की. खाली ऊस वाळायला लागलाय. वरनं सांगून आलंय." मग त्यानं पुलाखाली बोट केलं. "पण ते तुमच्या आसरांचं तसंच ऱ्हायलं, तर पाणी पुढं जायचं न्हाय. तुंबलं की पहिल्यांदा तुमच्याच घरात शिरंल बघा. दुपारी जेसीबी येतोय."

रंभाबाई उंबऱ्यावर बसल्या. गुडघ्यांना बसणंही जड जात होतं. घरात पाणी शिरेल ही भीती होतीच. पत्र्याखालची दोन खोल्यांची जागा, धान्याचे डबे जमिनीवर. पण त्याहून जास्त त्यांना वाटलं, ते पाणी एकदा दारापुढून गेलेलं दिसू दे. आता अजून किती वेळा सुटणार आणि आपण किती वेळा बघणार?

मोडनिंबहून लग्न होऊन त्या या आळीत आल्या, तेव्हा हा फाटा म्हणजे आळीचं अंगणच होतं. मिलचा भोंगा झाला की नवरा महिपती कामावर जायचा आणि रंभाबाई बादली घेऊन पायऱ्यांवर. वरच्या अंगाला सूत रंगवणारे सूत खंगाळायचे. कधी पाणी लाल यायचं, कधी निळं. रंग ओसरेपर्यंत बायका लुगडी कडेला ठेवून गप्पा मारत बसायच्या. धनगर कातरणीआधी मेंढरं धुवायला आणायचे, तेव्हा तर दोन दिवस पाण्याला लोकरीचा वास. पोरं पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकायची. नवरात्राआधी साऱ्या आळीच्या वाकळा काठावर वाळत पडायच्या, आणि नवरात्रात पलीकडच्या पेठेतल्या तेलुगू बायका फुलांची उतरंड डोक्यावर घेऊन गात यायच्या, बतकम्मा पाण्यात सोडायच्या. झेंडूची फुलं तरंगत पार पुलापलीकडे जायची. रंभाबाईंना त्यांच्या गाण्यातला एक शब्द कळायचा नाही, पण त्या दिवशी स्वयंपाक लवकर उरकून त्या काठावर हजर असायच्या.

मग नळ आले. मिल बंद पडली. महिपती गेला. पाणी आधी वर्षाआड झालं, मग तेही नाही. पुलापलीकडे उंच इमारत उभी राहिली आणि तिथली माणसं कामाला जाता जाता पुलावरून कचऱ्याच्या पिशव्या फाट्यात भिरकावू लागली. रंभाबाईंनी हात जोडले, शिव्या दिल्या, एकदा एका सुटाबुटातल्या माणसामागे खराटा घेऊन धावल्या. काही उपयोग झाला नाही. शेवटी एके दिवशी पहाटे त्यांनी फाट्याच्या पडलेल्या भिंतीतले सात दगड निवडले, पुलाखाली ओळीनं मांडले, देवघरातला उरलेला शेंदूर तेलात कालवून त्यांना फासला आणि हळदीकुंकू वाहिलं. पाण्याकाठी सात शेंदरी दगड म्हणजे साती आसरा, पाण्यातल्या देवी, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही.

म्हाळसाबाई सकाळी दात घासायला बाहेर आल्या आणि मिश्रीचं बोट तोंडातच राहिलं. "आगं बया! रंभे, आसरा निघाल्या की गं!"

रंभाबाईंनी खराटा उचलून दार झाडायला घेतलं. युक्ती फळली होती. त्या दिवसापासून पुलावरून एक पिशवी पडली नाही.

पडली नाही, पण लोक पिशव्या हातात घेऊन खाली येऊ लागले. हिरव्या बांगड्या, खण, पत्रावळीवर दहीभात, नारळ. मग घरचं निर्माल्य. मग काच फुटलेले देवांचे फोटो, जुन्या मूर्ती, कुणाच्या तरी बारशाचे हार. साधा कचरा निदान उचलता येत होता. याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. सफाईवाला आला की लांबूनच नमस्कार करून जायचा. बघता बघता दगडांमागे माणसाच्या कमरेएवढा ढीग झाला आणि फाटा तिथं बुजून गेला.

दुपारी जेसीबी आला. चालवणारा गुरु नावाचा दांडगा गडी होता. पुलाअलीकडचं सगळं त्यानं तासाभरात साफ केलं. दगडांजवळ आल्यावर मात्र त्यानं मशीन बंद केलं, खाली उतरला, चपला काढल्या आणि नमस्कार करून बाजूला उभा राहिला.

"काय झालं रं?" बिरप्पानं विचारलं.

"मी न्हाय हात लावणार. बायकोला सातवा लागलाय माझ्या."

"आरं, आज झालं पायजे!"

"मग तुमी हलवा की साहेब. मागचा ढीग मी घटकेत उचलतो. आधी देवी हलवा."

बिरप्पानं डोकं खाजवलं. "मला न्हाय जमायचं. कॅनॉलवर नोकरी माझी. दिवसभर पाण्याकाठीच फिरतो मी. आसरांशी वाकडं घेऊन कसं चालंल?"

एव्हाना आळीतल्या बायका जमल्या होत्या. ऊन डोक्यावर होतं. रंभाबाईंना एकाएकी सगळ्याचा कंटाळा आला. त्या पदर खोचून पुढं झाल्या.

"अरे, कसली देवी? मीच मांडलेत ते दगड. कचरा टाकू नये म्हणून. त्या भिंतीतले दगड हायत, जाऊन बघा, खोबण्या तशाच हायत."

मग म्हाळसाबाई हळूच म्हणाल्या, "मांडलेस खरं. पण एवढ्या आळीत तुलाच का सुचलं ते?"

"म्हंजी?"

"म्हंजी त्यांनी मांडून घेतलं तुझ्याकडनं. न्हायतर सातच का मांडलेस? पाच मांडायचेस, नऊ मांडायचेस."

"आगं, आसरा सात असतात म्हणून सात मांडले!"

"तेच म्हणते की मी."

बायकांनी माना डोलावल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "अंगात आलं का काय म्हातारीच्या?" एवढं उघड खरं सांगूनही कुणाला पटत नसेल, तर आणखी बोलून काय व्हायचं होतं? रंभाबाई वाकल्या आणि पहिला दगड उचलला. चांगला मोठ्या नारळाएवढा होता. मांडले तेव्हा एवढे जड नव्हते, किंवा तेव्हा हात वेगळे होते.

त्या तो बाजूला टाकणार, एवढ्यात म्हाळसाबाई ओरडल्या, "मातीत ठेवू नगंस! पाण्याच्या कडेला, स्वच्छ जागी!"

"कुटं हाय स्वच्छ जागा? दाखव मला!"

म्हाळसाबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. सारवलेलं, झाडलेलं असं त्या काठावर एकच ठिकाण होतं, रंभाबाईंचा ओटा. सगळ्यांच्या नजरा तिकडेच गेल्या.

सात खेपा झाल्या. मदतीला कुणी हात लावला नाही. म्हाळसाबाई तेवढ्या तांब्यानं पुढं पाणी शिंपडत चालत होत्या आणि "सावकाश गं, पाय बघ" म्हणत होत्या. चौथ्या खेपेला रंभाबाईंना दम लागला. त्या दगड मांडीवर घेऊन काठावर टेकल्या. शेंदूर लुगड्याला लागला. बायकांतल्या दोघी-तिघींनी लांबूनच त्यांच्या पायाकडे हात करून कपाळाला लावले.

"माझ्या पाया पडू नगा," रंभाबाई म्हणाल्या. "पाणी आणा प्यायला."

शेवटचा दगड ओट्यावर टेकला आणि गुरुनं ढीग खरंच घटकेत उचलला.

संध्याकाळी सून वैजयंती चिंचोळीच्या कंपनीतून आली. स्कूटी ओट्यावर चढवायची तिची रोजची सवय. ती तशीच हँडल धरून उभी राहिली.

"आत्या, हे काय?"

"काय म्हंजी? दगड."

"ते दिसतंय. पण ते तर तुमीच मांडलेले ना?"

"व्हय. मीच मांडले, मीच उचलले, आता माझ्याच दारात आलेत."

"गाडी कुठं लावू मग?"

रंभाबाई शेंदरानं माखलेले तळवे चोळत बसल्या. वैजयंतीनं त्यांच्या हाताकडे पाहिलं, गाडी रस्त्याकडेला लावली आणि आत जाऊन तेल गरम करायला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. आधी आवाज आला, मग पुढं काळपट फेस आणि बाटल्या, थर्माकोल, कुणाची तरी एक चप्पल. रंभाबाई जीव मुठीत धरून पुलाखाली बघत होत्या. फेस तिथं आला, घुटमळला, आणि पुलाखालून सरळ पुढं गेला. तासाभरानं पाणी गढूळ मातकट झालं. ते लाल नव्हतं, निळं नव्हतं, वास तर विचारूच नये असा होता. पण चालत होतं. रंभाबाईंनी पायरीपर्यंत जाऊन त्यात पायाचा अंगठा बुडवला आणि परत येऊन बसल्या. एवढंच बघायचं होतं, ते बघून झालं. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण पाठ इतकी ठणकत होती की नीट कळलं नाही.

"बघितलंस?" म्हाळसाबाई ओट्याशी येऊन म्हणाल्या. "स्वच्छ जागी बसल्या, लगेच पाणी आलं. गावभर झालंय."

खरंच झालं होतं. दहा वाजायच्या आत पाचसहा जणी दहीभात घेऊन आल्या. पाठोपाठ पुलापलीकडच्या इमारतीतली एक तरुण बाई. हातात नारळ, दुसऱ्या हातात फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी. तिनं दगडांना नमस्कार केला, ओट्यावर नारळ ठेवला आणि पिशवी घेऊन पाण्याकडे वळली.

"ए बाई, कुटं निघालीस?"

"निर्माल्य आहे आजी. वाहत्या पाण्यात सोडते."

"तितं न्हाय सोडायचं."

"का?"

रंभाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. काय सांगणार? खरं सांगून कालच पाहिलं होतं.

"आसरांना चालत न्हाय," त्या म्हणाल्या.

बाईनं मुकाट्यानं पिशवी मागं घेतली. "मग कुठं ठेवू?"

रंभाबाई भिंतीला धरून उठल्या, आतून शेणाची जुनी पाटी आणली आणि दगडांशेजारी ठेवली. "हितं टाक. फुलं तेवढी ओत, प्लॅस्टिक घरी ने."

बाईनं फुलं पाटीत ओतली, रिकामी पिशवी घडी करून पर्समध्ये घातली आणि गेली. तिच्यामागे उभ्या असलेल्या दोघींनीही तसंच केलं. म्हाळसाबाई बघत होत्या.

"आता तुला हलता यायचं न्हाय हितनं," त्या म्हणाल्या.

"दिसतंय मला."

"मी बसत जाईन दुपारच्याला. तू जेवून घेत जा."

"बस. पण कुणाला काय सांगत बसू नगंस."

दुपारपर्यंत पाटी काठोकाठ भरली. रंभाबाईंनी ती कमरेवर घेतली आणि मागच्या कडुनिंबाखाली फुलं पुरायला खड्डा कुठं करावा, ते बघायला निघाल्या.