आजीच्या रक्तातली खूण

बोंडअळीनं कपाशी खाल्ली, त्याच साली तेल्हाऱ्याच्या पंचफुलाबाईच्या लेकीच्या छातीत गाठ निघाली. रुख्मिणी ऑपरेशनातून उठली, डोईवर केसही फिरून आले. पण अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंना तिच्या रक्तात जनुकातल्या बदलाची एक खूण सापडली. तीच खूण नातीच्या, ज्योत्स्नाच्या रक्तातही.

"मंग इलेबी गाठ होईन काय?"

"आज सांगता येत नाही, आजी. जमवलेली माहिती बहुतेक परदेशातल्या माणसांची. आता आपल्याकडच्या हजारो लोकांचं रक्त तपासणं चालू आहे. तुमचंही द्या."

"म्हंजे बोंड हिरवं हाये, आत अळी हाये का नाही, ठाव नाही. एवढं शिकून काय केलं वं बाई तुमी?"

डॉक्टरीणबाई हसल्या. ज्योत्स्ना नाही हसली. छातीच काढून टाकू का, असं ती विचारून बसली होती. ठरत आलेली सोयरिक तिनं थांबवून ठेवली होती.

पंचफुलाबाईनं हात पुढं केला. मनात एकच धाक, खूण आपल्यात निघू नये. माहेरच्या रक्ताचा तोरा तिनं जन्मभर मिरवला होता. निघायची तर नवऱ्याकडून निघो. पुंजाजी मरून गेला, त्याला कोण बोल लावणार?

"बहीण आहे का तुम्हांला?"

"हाये एक. बोलत नाही आमी."

पण दुसऱ्या दिवशी ती नांदगाव पेठेत मनकर्णेच्या दारात उभी होती.

"रस्ता चुकली काय वं?" मनकर्णा म्हणाली.

"तुह्यं रगत मांगाले आली. ज्योत्स्नासाठी."

"रुख्मिणीच्या लग्नात लुगडं हलकं देल्लं मले, आन् आता रगत पायजे?" मनकर्णेनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आत ये. चाय ठेवतो."

दवाखान्यात सुई टोचताना मनकर्णेनं डोळे गच्च मिटून बहिणीचा हात धरला. पंचफुलाबाईनं तो सोडवला नाही.

उन्हाळा सरता सरता बोलावणं आलं. ज्योत्स्नासोबत दोघी बहिणी गेल्या.

"खूण तुमच्याकडूनच आली, आजी. मनकर्णाबाईंतही आहे."

पंचफुलाबाईची मान खाली गेली. नातीकडं पाहायचा धीर होईना. "मीच देल्ली म्हना की."

"दिलीत, आणि दोघी अजून ठणठणीत आहात! त्या हजारो लोकांतही ही खूण असलेल्या धडधाकट म्हाताऱ्या पुष्कळ निघाल्या. ही खूण काही करत नाही, आता ते पक्कं झालं. रुख्मिणीताईंची गाठ हिच्यामुळं नव्हती. ज्योत्स्ना, आईला आजार झाला म्हणून तपासणी वेळच्या वेळी करत जा. ऑपरेशन नको."

ज्योत्स्नानं आजीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती हमसून रडली. म्हातारी किती तरी वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"रडून काहून राहिली वं? माह्यं रगत हाये ते. वंगाळ कसं निंगन?" तिनं पदरानं पोरीचं नाक पुसलं. "जाय, सोयऱ्याइले सांग, तारीख धरा म्हनाव. आन् मनकर्णेले माह्याहून भारी लुगडं घेजो."

बाजूच्या खुर्चीवरून आवाज आला, "रंग मी पायीन."