झरोक्यावरचं नाव

मित्रांनो, मी एक जुना झरोका आहे. लातूर जिल्ह्यात, बालाघाटाच्या एका टेकाडावर, पडक्या किल्ल्यातल्या पडक्या महालात राहतो. गोड गोष्ट ऐकायची असेल तर आत्ताच पुढे व्हा. पलीकडे तोफ आहे, तिच्यावर बसा, फोटो काढा, कुरकुरे खा. माझ्याकडे गोड सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

याच डोंगराच्या काळ्या दगडातून मला घडवलं. पाथरवटांनी दोन्ही खांबांवर जाईची वेल कोरली, वर कमान काढली, खाली बसायला दगडी ओटा केला. किल्लेदाराच्या घरच्या बायका माझ्यात येऊन बसायच्या. त्यांना बाहेर पडायची मुभा नव्हती, म्हणून खालचं रान, वाटा, येणारीजाणारी माणसं सगळं माझ्यातूनच बघायच्या. पुढे निजामाच्या राजवटीत महालात ज्वारीची पोती रचली आणि उंदीर माजले. ती राजवट गेली, छप्पर खचलं, मग शेळ्या बसायला लागल्या. शेळ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांनी मला कधी ओरखडा काढला नाही.

मग सुरू झाल्या सहली. लातूरहून, औशाहून, उदगीरहून शाळांच्या गाड्या यायच्या. गुरुजी माझ्यापाशी थांबून म्हणायचे, बघा रे, पानातली शीरन्‌शीर दिसते, काय हात असेल त्या माणसाचा! मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण गुरुजींची पाठ वळली की मुलं खिशातून खिळे काढायची. पहिलं नाव कोरलं तेव्हा वाटलं, चला, कुणाला तरी माझी आठवण ठेवायची आहे. कसलं काय! त्यांना त्यांचीच ठेवायची होती. आज वेलीला पानं कमी आणि नावं जास्त आहेत. असो. माझ्या पानांचं रडगाणं गायला मी बसलेलो नाही. मला एका मुलीबद्दल सांगायचं आहे.

तुमच्यापैकी जे लातूरकडचे आहेत त्यांना येळवस सांगायला नको. मार्गशीर्षातली अमावास्या आली की गावंच्या गावं ओस पडतात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, दगडाचे पांडव चुन्यानं रंगवून आत मांडायचे, पूजा करायची, आणि मग सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. त्या दिवशी ज्याला रान आहे तो ज्याला नाही त्याला बोलावतो. ओळखीचा, बिनओळखीचा, साहेब, शिपाई, सगळे. जेवायला नाही म्हणायचं नसतं आणि कुणी का आलं हे विचारायचं नसतं.

किल्ल्याच्या पायथ्याचं रान अमरेशच्या घरचं आहे. दोन वर्षांमागच्या येळवशीला त्यानं कॉलेजातली सगळी टोळी जेवायला बोलावली. त्यात त्याच्याच गावची बुद्धप्रिया होती. वस्तीवर राहणारी, रोज एसटीनं लातूरला जाऊन बी.एस्सी. करणारी. तिचा बाप मारोती अमरेशच्या चुलत्याचा ट्रॅक्टर चालवतो. तिच्या घरात तिच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेली नव्हती.

जेवून झाल्यावर पोरंपोरी किल्ला चढून वर आली. बुद्धप्रिया तिच्या मैत्रिणीबरोबर, वर्षाराणीबरोबर, माझ्या ओट्यावर बसली. पदरात बोरं, डोळे रानाकडे. वर्षाराणीला म्हणाली, नोकरी लागली की पहिल्या पगारात बाबाला चष्मा घेणार, त्याला आता फाळ नीट दिसत नाही. अमरेशचं नावसुद्धा तिच्या तोंडी आलं नाही. तो मागं घुटमळत होता, तिनं वळून पाहिलंही नाही. बोरं संपली, बिया खाली भिरकावल्या, हसत हसत दोघी उतरून गेल्या.

अमरेश राहिला. शेतातून आणलेलं खुरपं होतं त्याच्याकडे. माझ्या उजव्या खांबावर, बसलेल्या माणसाच्या खांद्याशी येईल अशा जागी, त्यानं टोकानं रगडायला सुरुवात केली. आधी स्वतःचं नाव, मग बदामाचं चित्र, मग तिचं. जीव लावून कोरलं हो! पाथरवटांनी वेल कोरली तेव्हासुद्धा इतका घाम गळला नसेल. ज्या पोरीशी धड चार वाक्यं बोलायची हिंमत झाली नाही, तिचं नाव न विचारता माझ्या अंगावर ठोकलं आणि शिट्टी वाजवत उतरला. किल्ल्याचा शिपाई दगडोबा तेव्हा चिंचेखाली घोरत होता.

आता बघा, नाव साक्षी असतं, आरती असतं, तर कुठली कोण म्हणून खपून गेलं असतं. पण त्या गावात बुद्धप्रिया एकच. माघात त्याच गावच्या शाळेची सहल आली. मुलांनी नाव मोठ्यानं वाचलं, एकमेकांना ढोसलं, आणि दिवेलागणीला ते गावच्या पारावर पोचलं. येळवशीला ती त्याच्या शेतात जेवायला गेली होती, हेही कुणालातरी आठवलं. ज्या दिवशी कुणी का आलं हे विचारायचं नसतं, त्या दिवसाचा असा पुरावा झाला.

अमरेशचा चुलता गुरुलिंग मारोतीला काही वाईट बोलला नाही. चहा पाजला. म्हणाला, पोरीला सांभाळ बाबा, आमचा पोरगा अजून लहान आहे. एवढंच. मारोतीला एवढंच पुरलं.

तुम्ही म्हणाल, झरोक्याला हे सगळं कसं कळलं? अहो, माझ्या ओट्यावर बसून माणसं काय बोलत नाहीत! आणि पुढचं तर माझ्यासमोरच झालं.

एके दिवशी भर उन्हात बापलेक वर आले. मारोतीच्या हातात छन्नी-हातोडा होता. बुद्धप्रियानं त्याला खांबापाशी आणून उभं केलं. म्हणाली, "बाबा, बगा. हे माझं अक्षर हाय का? मी असं लिव्हते का?"

मारोती डोळे बारीक करून, बोट फिरवत फिरवत वाचत राहिला. मग ओट्यावर बसला.

"माय, मला ठावं हाय तू न्हाई लिव्हलं."

"मग कॉलेज कशाला बंद करायलात?"

"मला ठावं असून काय करू? गावाला कुणी सांगावं? उद्या चार पोरं वस्तीवर आली, तर त्यांना काय अक्षर दाखवू का तुजं?"

तो चिडला असता तर बरं झालं असतं. चिडलेल्या बापाशी ती भांडली असती, जिंकलीही असती, पोरगी तशी होती. पण तो भ्यालेला होता, आणि भ्यालेल्या बापाशी कसं भांडायचं हे तिला येत नव्हतं. तिनं त्याच्या हातातून छन्नी-हातोडा घेतला आणि छन्नी आपल्या नावावर टेकवली. मी मनात म्हटलं, हाण पोरी, पाहिजे तेवढा फोड मला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्यावर घाव घालावा असं मला वाटत होतं.

पण माझा दगड मेला कठीण, त्यावर ओरखडा उठतो, पण उठलेला निघत नाही. दोनतीन ठोके पडले, पांढरी रेघ उमटली, तोवर शिट्टी ऐकू आली. दगडोबा त्या दिवशी नेमका जागा होता! त्यानं तिचा हात धरला, हत्यार काढून घेतलं, मोबाइलवर फोटो काढला. शिकल्यासवरल्या पोरी असं वागल्या तर अडाण्यांनी काय करावं, असं बरंच काही सुनावलं. मारोती हात जोडून सांगत होता की आम्ही पुसायला आलो, लिहायला नाही. दगडोबा म्हणाला, सगळे असंच म्हणतात. फोटो वर साहेबांकडे गेला, तिथून पेपरात आला. ऐतिहासिक वास्तूची नासधूस करताना बापलेक पकडले. फोटोत छन्नी होती, मुलगी होती, आणि तिच्या हाताखाली दोन नावं स्वच्छ वाचता येत होती.

वाचता येत होती म्हणजे काय, जिल्ह्यानं वाचली. उन्हाळ्यात बुद्धप्रियाचं लग्न उरकलं. दूर उमरीकडचं स्थळ, तिथं लातूरचा पेपर जात नाही, हाच त्या स्थळाचा मोठा गुण. वर्षाराणी पुढं एकदा एकटीच येऊन माझ्यापाशी बसली, फोनवर कुणाला तरी हे सांगत होती आणि रडत होती. अमरेश? तो पास झाला, पुण्याला गेला. परवाच्या येळवशीला नवे मित्र घेऊन वर आला होता, त्यांना नाव दाखवून हसला.

त्या फोटोनंतर साहेब लोकांना जाग आली. माझी पाहणी झाली, मोजमापं झाली, आणि माझ्याभोवती लोखंडी कठडा बसवला. पाटी लावली की हात लावणाऱ्यावर गुन्हा दाखल होईल. वेलीची पानं गेली ती गेलीच, पण ते नाव आता सरकारी बंदोबस्तात आहे. पुसायचं म्हटलं तरी पुसता येणार नाही.

मागच्या महिन्यात एक जीप आली. त्यातून बुद्धप्रिया उतरली. अंगावर हिरवा शालू, बरोबर नवरा, सासू, नणंदा. किल्ले बघायला निघाले होते. कंधार झालं, उदगीर झालं, वाटेत हा लागला. नवरा हौशी दिसत होता, आदर्श नाव त्याचं. भिंतीवरची नावं मोठ्यानं वाचायचा आणि बहिणींना हसवायचा. वाचत वाचत एकेक दालन करत माझ्याकडेच येत होता. माणूस वाईट वाटला नाही मला. पण कळल्यावर तो कसा वागेल हे मला ठाऊक नाही, आणि तिलाही ठाऊक नव्हतं.

ती झपाझपा पुढं आली. कठड्याला पाठ लावली, पदर खांद्यावरून पसरला आणि बरोबर त्या खांबापुढे टेकून उभी राहिली.

सासू म्हणाली, "अगं, इथून रान लई भारी दिसतंय, तोंड फिरव की."

"पाय दुखायलेत, आत्याबाई. तुमी बगा. मी हितंच थांबते."

सगळ्यांनी रान बघितलं, फोटो काढले, तोफेवर बसून आले. ती तशीच उभी होती, उन्हात, रानाकडे पाठ करून. शेवटचा माणूस पायऱ्या उतरेपर्यंत ती हलली नाही.

मित्रांनो, किल्ल्यांवर जरूर या. आमचे दगड फुटतात, पानं झिजतात, त्याची तुम्ही काळजी घ्याल तर उपकार होतील. पण खिळा काढायचाच झाला, तर निदान स्वतःचं नाव लिहा. दुसऱ्याचं लिहायच्या आधी त्याला विचारा.

ती गेली तेव्हा तिच्या पाठीवर कठड्याच्या गजांचे वळ उठले होते. जीप माझ्या खालीच उभी होती, तीत बसताना नवऱ्यानं विचारलं, हे काय झालं? ती म्हणाली, काही नाही.